दोनशे दहा पावलं

“दोनशे दहा, साहेब,” चेंडूपाशी थांबून कुंडलिक म्हणाला आणि बॅग त्यानं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

विद्याधर सबनीस मागून सावकाश येत होते. पंचाहत्तरीतला माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, मान घामानं भिजलेली. आकडा ऐकून त्यांचा चेहरा खुलला. दर बुधवारी आणि शनिवारी, सातव्या होलवरचा हा एक आकडा ऐकण्यासाठीच ते घाटकोपरहून चेंबूरच्या या गोल्फ क्लबात येत, असं म्हटलं तरी चालेल. बाकीच्या सतरा होलांवर चेंडू झाडीत जावो नाहीतर पाण्यात, त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

“ऐकलंस सौरभ?” ते भाच्याला म्हणाले. “दोनशे दहा यार्ड. या वयात! तुझ्या पवईच्या ऑफिसातल्या पोरांना विचार, किती मारतात ते.”

सौरभ त्या दिवशी सुट्टी काढून मामांसोबत पहिल्यांदाच आला होता. त्यानं खिशातून दुर्बिणीसारखं एक यंत्र काढलं, डोळ्याला लावलं आणि मागे टीवर रोखलं, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात त्या उंचवट्यावरच्या पाटीवर.

“मामा, एकशे चौसष्ट.”

“काय?”

“एकशे चौसष्ट यार्ड. लेझर आहे हे, एका यार्डाचा फरक पडत नाही.” त्यानं पुन्हा रोखून बघितलं. “हो, चौसष्टच. दोनशे दहा कुठून आणले काकांनी?”

साहेबांनी यंत्र हातात घेतलं. बघितलं. काच टोपीच्या कडेला पुसून परत बघितलं. मग ते कुंडलिककडे वळले, आणि कुंडलिकला वाटलं, चेंडू आपल्याच छातीत येऊन बसला.

आता हे प्रकरण काय ते सांगायला हवं. हौशी गोल्फ खेळणारा माणूस चेंडू किती लांब मारतो, हे जगात फक्त त्याची बॅग उचलणाऱ्या कॅडीला ठाऊक असतं, आणि कॅडी ते सांगत नाही. क्लबाच्या व्हरांड्यात चहाच्या टेबलावर बसलेला प्रत्येक मेंबर अडीचशे यार्ड मारतो. कुणी दोनशे सत्तरसुद्धा मारतो. वारा पाठीशी असला आणि ऐकणारा नवा असला तर तीनशेही. प्रत्यक्षात दोनशेच्या पलीकडे चेंडू गेला तर कॅडी लोक आपसात मान हलवतात. पण साहेबानं “किती गेला रे?” विचारलं की वीस-तीस यार्ड वरून घालून सांगायचे, हा या धंद्याचा रिवाज. त्यानं साहेब खूश, बक्षिशी बरी, आणि चेंडूला काय, तो थोडाच बोलतो.

कुंडलिक हिवराळे हा तेवढा एक अपवाद. सव्वीस वर्षांपूर्वी सबनीस साहेबांनी त्याला पहिल्यांदा घेतलं, तेव्हा सातव्या होलवर विचारलं होतं, “इथले सगळे मला थापा मारतात. तू खरं सांगशील?” कुंडलिक म्हणाला, “मोजून सांगतो.” त्याच वर्षी क्लबानं फीत लावून सगळं मैदान मोजलं होतं आणि फितीचं दुसरं टोक कुंडलिकच्या हातात होतं. पहिल्या होलच्या टीपासून जुन्या जांभळापर्यंत बरोबर एकशे नव्वद यार्ड. त्या अंतरावर सकाळ-संध्याकाळ चालून चालून त्यानं आपलं पाऊल बसवून घेतलं होतं. एक पाऊल, एक यार्ड. एकशे नव्वदाव्या पावलाला हात जांभळाच्या खोडाला टेकायचा. बाकीचे कॅडी त्याला ‘फीतवाला’ म्हणून चिडवायचे. त्याला त्याचा राग नव्हता, उलट छाती फुगायची.

आणि त्या पहिल्या दिवशी साहेबांचा चेंडू निघाला होता दोनशे दहा पावलांवर.

“कुंडलिक,” साहेब आत्ता म्हणाले, “दोनशे दहा कशावरून?”

“मोजले ना साहेब. नेहमीसारखे.”

“नेहमीसारखे!” साहेब हसले, पण ते हसणं काही बरं नव्हतं. “सेहेचाळीस यार्ड वरून घातलेस? इतर लोक वीस घालतात रे. तू सगळ्यांच्या वरताण निघालास.”

“आईशप्पत साहेब, एक पण घातला नाय.”

“मग हे यंत्र खोटं बोलतंय?”

यंत्र खोटं बोलतंय असं म्हणायला कुंडलिकची जीभ रेटेना. आपण खोटं बोललो असंही म्हणवेना. त्यानं बॅग खांद्यावर सावरून घेतली. उरलेली अकरा होलं कशीबशी उरकली. सौरभ बिचारा वरमून म्हणालासुद्धा, “जाऊ दे ना मामा, काय एवढं.” पण मामा ऐकायला तयार नव्हते.

खेळ संपल्यावर साहेबांनी बॅग स्वतः उचलून गाडीत ठेवली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

“शनिवारी थांबू नकोस माझ्यासाठी,” ते कुंडलिककडे न बघता म्हणाले. “बॅटरीची गाडी घेईन मी. घरात, क्लबात, डॉक्टरकडे, सगळीकडे लोक मला बरं वाटावं म्हणून बोलतात. एक माणूस तरी खरं सांगतो असं वाटायचं मला.”

लाल डोंगरावरच्या आपल्या खोलीत कुंडलिक दुपारी परतला तेव्हा त्याची भूक मेली होती. खोली म्हणजे उंबऱ्यापासून मोरीपर्यंत बारा फूट. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी बायकोचा, जयाचा फोटो. जया जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून त्याचं बोलणं असं व्हायचं ते आठवड्यातून दोनदा, साहेबांशी. तेही काय, तर “सात नंबरची काठी देऊ का,” “वारा डावीकडून हाय,” आणि एकदा “दोनशे दहा.” पण ते बोलणं होतं. उरलेले दिवस तो चिल्लर पाहुण्या मेंबरांच्या बॅगा उचलायचा. ते कानाला फोन लावून चालायचे.

संध्याकाळी त्यानं मुलीला फोन लावला. संघमित्रा चारकोपला राहायची, इस्पितळात नर्स होती.

“मला खोटारडा म्हणाले गं साहेब.”

“कोण? सबनीस काका? अहो पप्पा, मशीनमध्ये लोच्या असेल. एवढं काय मनाला लावून घेता? जेवलात का?”

“जेवलो.”

“गुडघा कसाय?”

“झकास.”

ही दोन उत्तरं मात्र खोटी होती. डावा गुडघा गेली कित्येक वर्षं कुरकुरत होता. पँटीच्या आत पट्टा, वर बाम, आणि सकाळी क्लबाच्या फाटकातून शिरताना छाती काढून ताठ चाल. कारण कॅडी मास्टर चंद्रप्रकाश यानं गेल्या महिन्यातच सगळ्यांना उभं करून बजावलं होतं, “जो लंगडाएगा उसका बिल्ला जमा. मेंबर लोग की कंप्लेंट आती है, मैं क्या करूं?” बिल्ला जमा म्हणजे काम संपलं. कुंडलिकचं वय चौसष्ट, बिल्ला नंबर सतरा.

शनिवारी त्यानं लांबून बघितलं, साहेब बॅटरीच्या गाडीतून एकटेच चालले होते. गाडी चेंडूपाशी थांबायची, साहेब उतरायचे, मारायचे, परत बसायचे. सातव्या होलवर ते चेंडूपाशी बराच वेळ नुसते उभे राहिले. त्यांच्याकडे भाच्यानं ठेवलेलं यंत्र होतं, पण त्यांनी ते काही डोळ्याला लावलं नाही.

सोमवारी मैदान मेंबरांना बंद असतं आणि कॅडी लोक खेळतात. कुंडलिक त्या दिवशी कधी घर सोडायचा नाही. या सोमवारी तो आपला जुना पटर घेऊन उजाडताच आला. पटर म्हणजे शेवटी चेंडू भोकात ढकलायची आखूड काठी. त्याला खेळायचं नव्हतं. त्याला पहिल्या होलच्या टीवर उभं राहून जांभळापर्यंत चालायचं होतं.

या जांभळापर्यंत त्यानं कित्येक वर्षांत मोजलं नव्हतं. एकशे नव्वद हे ठरलेलं. ठरलेलं कोण परत मोजतो? त्यानं सुरुवात केली. एक, दोन, तीन. शंभरापर्यंत सगळं ठीक होतं. दीडशेला जांभूळ जरा लांबच वाटलं. एकशे नव्वदाव्या पावलाला त्यानं सवयीनं हात पुढे केला, तर हाताला नुसती हवा लागली.

झाड पुढे होतं. चांगलं पुढे.

तो मोजत राहिला. खोडाला हात टेकला तेव्हा आकडा झाला होता दोनशे त्रेचाळीस.

“वाट लागली,” कुंडलिक स्वतःशीच म्हणाला. मग म्हणाला, मोजण्यात चूक झाली असेल. टीवर परत गेला, परत मोजत आला. दोनशे बेचाळीस. आता झाड काही चालत जात नाही. तरी त्यानं तिसरा फेराही मारला, पण आकडा काही कमी होईना.

जांभळाच्या अलीकडे वाळूचा खड्डा होता, नुकताच दाताळ्यानं साफ केलेला. कुंडलिकनं चपला काढल्या आणि त्या वाळूतून चार पावलं चालून गेला, नेहमीसारखा, मुद्दाम न ताणता. मग मागे फिरला आणि दोन ठशांच्या मधे पटर आडवा ठेवला. पटर यार्डाला बोटभरच कमी असतो, हे कॅडीच्या शेंबड्या पोरालाही माहीत. एका टाचेला त्याचं टोक लावलं. दुसरं टोक पुढच्या टाचेच्या पलीकडे गेलं. वीतभर पलीकडे.

पाऊल आखूड झालं होतं. उजवं थोडं, डावं जास्त.

तो खड्ड्याच्या काठावर बसला. आधी त्याला एवढं हायसं वाटलं की डोळ्यात पाणी आलं. आपण खोटं बोललो नव्हतो! एक यार्डही वरून घातला नव्हता. आणि त्या पाण्यातच त्याला दुसरी गोष्ट दिसली, आणि मग ते पाणी कशाचं ते त्याचं त्यालाच कळेना. सव्वीस वर्षं आकडा दोनशे दहाच राहिला होता. कधी दोनशे आठ, कधी तेरा, पण दोनशे दहाच. एकोणपन्नास वर्षांचा माणूस पंचाहत्तरीचा झाला तरी त्याचा चेंडू तसूभर कमी झाला नाही, हे एखाद्या शहाण्याला खटकलं असतं. चेंडू दरवर्षी आखूड पडत गेला, आणि त्याच मापानं कुंडलिकचं पाऊल आखूड पडत गेलं. दोघांचंही दोघांना कळलं नाही.

बरं, खुणा नव्हत्या असंही नाही. सातव्या होलवर पूर्वी चेंडू तिथल्या वाळूच्या खड्ड्यापलीकडे पडायचा, हल्ली फार अलीकडे. पण दहा वर्षांपूर्वी क्लबानं तिथली टी मागे नेली होती. किती नेली ते कुणी धड सांगितलं नव्हतं. तेव्हापासून दोघं मिळून क्लबाच्या नावानं खडे फोडायचे. “टी फारच मागे नेली रे,” असं साहेब म्हणायचे. “लई मागं, साहेब,” असं कुंडलिक म्हणायचा. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत. क्लबानं ती एकदाच हलवली असेल. या दोघांनी ती मनातल्या मनात दरवर्षी थोडी थोडी मागे नेली.

आता हे साहेबांना सांगायचं की नाही? सांगायचं तर पाऊल दाखवावं लागणार. पाऊल दाखवलं की गुडघा आलाच, आणि गुडघा आला की बिल्ला गेला. न सांगावं तर काम राहील, पाहुण्यांच्या बॅगा आहेतच. खोटारडा म्हणून कामावर राहायचं, की लंगडा म्हणून घरी बसायचं? बुधवार उजाडेपर्यंत त्याला दुसरं काही सुचलं नाही. जया असती तर म्हणाली असती, “रस्त्यानं पावलं मोजत जाता, कधी माणसाच्या तोंडाकडं पण बघा.” ती हे नेहमी म्हणायची. या वेळी त्याला ते पटलं. साहेबांचं शनिवारचं तोंड त्यानं बघितलं होतं.

बुधवारी साहेब बॅटरीच्या गाड्यांच्या शेडजवळ चहा पीत बसले होते. पलीकडे चंद्रप्रकाश हातात यादी घेऊन उभा. ते एकटे होईपर्यंत थांबावं असं कुंडलिकच्या मनात आलं, पण थांबलो तर धीर जाईल हेही त्याला ठाऊक होतं.

“साहेब, दोन मिनिटं.”

“बोल.” साहेबांनी कपातून मान वर काढली नाही.

“मी खोटं नाय बोललो. माझं पाऊल आखूड झालंय.” त्यानं पटर जमिनीवर ठेवला, त्याच्या एका टोकाशी टाच लावली आणि पाऊल टाकलं. “हे बघा. वीतभर कमी पडतं. डावा गुडघा कामातनं गेलाय. जांभळापर्यंत मोजून बघितलं सोमवारी. एकशे नव्वदचं दोनशे त्रेचाळीस भरलं.”

चंद्रप्रकाशनं यादीतून डोकं वर केलं. साहेबांनी कप खाली ठेवला. त्यांची सगळी नोकरी मुलुंडच्या कारखान्यात मशीनची मापं तपासण्यात गेली होती. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ते जमिनीवरच्या पटरकडे आणि पुढच्या चपलेकडे बघत राहिले.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“काय माहीत. तुमच्या चेंडूसारखंच, साहेब. कळलंच नाय.”

साहेबांचे ओठ हलले. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, जणू उत्तराची भीती होती. “म्हणजे, तेव्हा... अठ्ठ्याण्णव साली. ते दोनशे दहा खरे होते?”

“शंभर टक्के खरे. तेव्हा माझं पाऊल म्हणजे क्लबाची फीत होती.”

“खरंच दोनशे दहा मारायचो मी?”

“मारायचा ना. मी स्वतः मोजलेत.”

साहेब उठले. गाडीची चावी त्यांनी शेडच्या खिळ्याला परत अडकवली. “बॅग घे,” ते म्हणाले. “नाहीतर थांब, अर्ध्या काठ्या इथंच ठेव. एवढ्या कशाला लागतात मला.”

त्या दिवशी ते फक्त सातवं होल खेळले. टीपर्यंत चालायला दोघांना मोप वेळ लागला. मागून येणारे तीन गट त्यांनी पुढे सोडले. कुंडलिक उघड उघड लंगडत होता. आता लपवण्यात अर्थच नव्हता आणि लपवायचं नसलं की किती बरं वाटतं, हे त्याला तेव्हाच कळलं. साहेबांनी चेंडू मारला. सरळ गेला, वाळूच्या बराच अलीकडे थांबला. कुंडलिक मोजत निघाला आणि साहेब या वेळी मागे न राहता त्याच्या शेजारून चालले.

“किती?”

“माझ्या पावलांनी दोनशे सात.”

यंत्र साहेबांच्या खिशात होतं. खिसा त्यांनी वरूनच चाचपला.

“बस्स,” ते म्हणाले. “तेवढे धरू.”

मग ते दोघं बरंच काही बोलले असते, तर कथा वेगळी झाली असती. पण सव्वीस वर्षांत सवय नव्हती. साहेब म्हणाले, “गुडघा दाखव कुणाला तरी.” कुंडलिक म्हणाला, “पोरगी नर्स हाय.” साहेब म्हणाले, “बरं.” घाटकोपरचा आपला पत्ता द्यावा असं त्यांच्या मनात आलं असावं, त्यांनी खिशात पेन शोधलं, ते नव्हतं, आणि तो विषय तिथंच राहिला. मोटारीत बसल्यावर मात्र त्यांनी काच खाली केली आणि “कुंडलिक” अशी हाक मारली. तो वाकून जवळ आला.

“त्या दिवशी चुकलं माझं.”

“असू द्या, साहेब.”

गाडी फाटकाबाहेर गेली. चंद्रप्रकाश शेडपाशी वाट बघत होता. तो काही वाईट माणूस नव्हता, उलट त्याचाच चेहरा उतरला होता.

“काका, सबके सामने बोलने की क्या जरूरत थी? अकेले में बोलते, तो मैं सुना ही नहीं होता.”

“अकेले में बोलता तो उसका मतलब नहीं रहता,” कुंडलिक म्हणाला आणि सतरा नंबरचा बिल्ला शर्टाला लावलेल्या पिनेतून सोडवून त्यानं चंद्रप्रकाशच्या हातावर ठेवला. पिनेनं शर्टाला पडलेली दोन भोकं त्यानं बोटानं जरा चोळून मिटवायला बघितली.

लाल डोंगर चढून तो खोलीवर आला तेव्हा ऊन अजून दारात होतं. कुलूप काढून आत पाऊल टाकताना तो थबकला. जया गेल्यापासून त्याला खोली मोठी झाल्यासारखी वाटायची. संघमित्राला त्यानं तसं एकदा सांगितलंही होतं आणि ती फोनवरच रडली होती. उंबऱ्यापासून मोरीपर्यंत चार पावलं, हे त्याचं ठरलेलं होतं. लग्न करून जयाला इथं आणलं त्या दिवशी त्यानं चालून दाखवलं होतं, “बघ, पुरी चार हायत,” आणि ती तोंडाला पदर लावून हसली होती.

चपला काढून तो उंबऱ्यापासून निघाला. एक. दोन. तीन. चार. मोरीचा कठडा अजून पुढे होता. गुडघा ताणून जरा लांब टाकलं असतं तर चारात भागलं असतं, कोण बघायला होतं?

त्यानं नेहमीसारखं पाऊल टाकलं आणि कठड्याला हात टेकला.

“पाच,” फोटोकडे वळून तो म्हणाला.